‘कळंना’ म्हणायला शिकलो तो मार्गळी

मार्गळी लागला की कुंभकोणममध्ये माकडटोप्या बाहेर येतात. आमच्या माणदेशातल्या थंडीच्या पासंगालाही हा गारवा पुरणार नाही, पण इथली माणसं कानावर लोकर ओढून, हाताची घडी घालून, जणू हिमालयात निघाल्यासारखी दूध आणायला जातात. पहिल्या वर्षी मी हसलो होतो. आता माझ्याकडेही एक टोपी आहे, तपकिरी. बायको म्हणते, तुम्ही पुरते इथले झालात.

हा तमिळ महिना डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि आपल्या संक्रांतीला, म्हणजे इथल्या पोंगलला संपतो. पहाटे देवळांचे भोंगे सुरू होतात. बायका ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात कोलम काढतात, म्हणजे आपली रांगोळीच, पण तांदळाच्या पिठाची. मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. सायकल चालवताना ते फूल चुकवावं लागतं. देवळातून मिरी-तुपाच्या पोंगलचा, म्हणजे प्रसादाच्या मुगाच्या खिचडीचा, वास येतो. गावाबाहेर साळी पोटऱ्यांतून निसवून वाकायला लागलेल्या असतात आणि त्यांच्यावर धुकं असं बसलेलं असतं की बांधावरचा माणूस कमरेपासून वरचाच दिसतो.

दर वर्षी हे सगळं आलं की माझी मान अवघडते. खरंच सांगतो, डाव्या बाजूला, कानाच्या खाली. डॉक्टर म्हणतात उशी बदला. उशीचा काही दोष नाही. या मानेनं मला एकदा फार मोठ्या घोळात घातलं होतं, आणि याच महिन्यात मी तिला वळण लावलं. तिला आठवण येत असणार.

मी गलाईवाला. खानापूर तालुक्यातली आमच्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. सोनाराकडचं जुनं, तुटकं, डागाचं सोनं आणायचं, मुशीत घालून वितळवायचं, टाकणखार टाकून मळ वर काढायचा आणि शुद्ध करून परत द्यायचं. ज्या गावात चार सोनार आहेत तिथं शोधलंत तर एखाद्या बोळात आमचा माणूस, भट्टी आणि भिंतीवर गावच्या देवाचा फोटो सापडेल. मी नववीत असताना मामानं विचारलं, “येतोस का कुंभकोणमला?” कुंभकोणम कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. तिथं काय बोलतात हेही नव्हतं. मी मान हलवली.

मान हलवायचं शिक्षण मात्र मला त्याआधीच मिळालं होतं. वर्गात बीजगणित चाललं होतं. क्ष एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला की त्याचं चिन्ह का बदलतं, हे मला समजेना. मी उठून म्हणालो, “सर, कळंना.” सर थांबले. खडू टेबलावर ठेवला. “‘कळंना’ नाही. ‘कळत नाही.’ आधी बोलायला शीक, मग गणित शिकू.” वर्ग हसला. शाळा सुटल्यावर पार ओढ्यापर्यंत पोरं माझ्यामागं “कळंना, कळंना” करत आली. सर काही वाईट नव्हते. त्यांना भाषा सुधारायची असेल. पण मी त्या दिवशी गणित सोडून दुसरंच काहीतरी शिकलो. शिकवणाऱ्याच्या डोळ्यात बघायचं, मान हलवायची आणि “हां सर” म्हणायचं. त्यानंतर मला काही कळलं नाही आणि कुणी हसलंही नाही. क्षचं चिन्ह का बदलतं ते मला तिशीनंतर कळलं. ते पुढं सांगतो.

कुंभकोणमला आल्यावर तर या विद्येला सोन्याचे दिवस आले. तमिळमध्ये दोन शब्द असे आहेत की त्यांच्यावर माणूस अख्खं आयुष्य काढू शकतो. एक ‘आमा’, म्हणजे हो. दुसरा ‘सरि’, म्हणजे बरं, ठीक आहे. आमच्याकडं सरी म्हणजे उसाची. मी दिवसभर त्या सरीतून पाणी सोडावं तसा “सरि, सरि, आमा, आमा” सोडत असे. सोनार खूश. मामा खूश. “आमच्या तानाजीनं भाषा कशी उचलली बघा,” असं मामा गावाकडं फोनवर सांगायचा. मला वस्तूंची नावं येत होती, आकडे येत होते, ‘उरुक्कु’ म्हणजे वितळव आणि ‘वै’ म्हणजे ठेव, हे येत होतं. मधलं सगळं मी मानेवर भागवत होतो.

आणि मग तो मार्गळी आला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

सकाळी दहाची वेळ. मामा तंजावरला गेला होता. भट्टीचा पंखा घरघरत होता. आमचे नेहमीचे सोनार, ज्यांना इथं आसारी म्हणतात, घाईत आले. त्यांना स्वामीमलैची बस पकडायची होती. त्यांनी एक पुडी ठेवली, तुटकी कानातली आणि साखळीचे तुकडे. ते वितळवायचं होतं. मग कमरेच्या कनवटीतून दुसरी छोटी पुडी काढली. त्यात हळदीच्या दोऱ्यात ओवलेली थाळी होती, म्हणजे इथलं मंगळसूत्राचं पान. ती माझ्यापुढं धरून, मला नेहमीसारखं तंबी म्हणजे धाकटा भाऊ म्हणत, ते म्हणाले, “तंबी, इद उरुक्काम वै.” 

इद म्हणजे हे. पुढचं मी ऐकलं ते असं : उरुक्क. आमा. वै. वितळव, हो, ठेव.

मी म्हणालो, “सरि, सरि.”

‘उरुक्काम’ हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘न वितळवता’ असा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना बसमध्ये ती थाळी घेऊन फिरायचं नव्हतं, म्हणून सांभाळायला दिली होती. ‘उरुक्कि वै’ म्हणजे वितळवून ठेव. ‘उरुक्काम वै’ म्हणजे न वितळवता ठेव. त्या नकाराच्या पोटात माझा लाडका ‘आमा’ बसलेला होता आणि मला तेवढाच ऐकू आला. जो माणूस दिवसाला शंभरदा हो म्हणतो, त्याला नकारातही हो ऐकू येत असणार, दुसरं काय.

हळदीचा दोरा मी स्वतः सोडवला. हे मला अजून आठवतं, बोटांना लागलेला तो पिवळा रंग. थाळी मुशीत गेली. मी रोज थाळ्या वितळवत होतो. जुनं सोनं येतं ते कुणाच्या तरी अंगावरूनच येतं. तिचे कोपरे आधी मऊ झाले, मग ती बसली, मग तिचा वाटाण्याएवढा थेंब झाला. वितळलेलं सोनं फार देखणं दिसतं. मी टाकणखाराची चिमूट टाकली आणि कौतुकानं बघत उभा राहिलो.

संध्याकाळी आसारींबरोबर एक बाई आली. चोळपुरमची, पस्तिशीची, शेतातून आल्यासारखी, पायाला वाळलेला चिखल. तिचं नाव वसंता हे मला नंतर कळलं. थाळी तिच्या आईची होती. आई त्याच साली गेली होती. बाकीचं मोडून पोरीला कानातलं करायचं, आणि थाळी जशी आहे तशी ठेवायची, एवढंच तिचं काम होतं.

मी तिच्या हातावर सोन्याची गोळी ठेवली.

आसारी माझ्यावर ओरडायला लागले. ती ओरडली नाही. वजन बरोबर होतं, गुंजभरही कमी नव्हतं, आणि मी वेड्यासारखा तराजूकडं बोट दाखवत होतो, बघा, बघा, सगळं आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात एक प्रश्न विचारला. दोनच शब्द. कानांत अजून आसारींचं ओरडणं भरलेलं होतं. माझी मान हलली. “आमा,” मी म्हणालो. “आमा, सरि, सरि.”

तिचा चेहरा असा मिटला की मी आजवर तसा चेहरा पुन्हा बघितला नाही. गोळी पदराच्या टोकाला बांधून ती गेली. आसारी तिच्यामागं गेले. 

मामा रात्रीच्या गाडीनं आला. सकाळी म्हणाला, “आरं, बैलावानी मान हलिवतुयास कशाला? इच्चारायला काय दातखीळ बसली हुती?” मी मान हलवली. त्यानं कपाळाला हात लावला. “पोंगलपर्यंत बघतो. सोनार परत फिरले नाहीत तर संक्रांतीच्या गाडीनं गावाकडं जा. माजी इथली तीस वर्सं हायत, तानाजी.” त्याचं बरोबर होतं. गल्लीतल्या सोनारांनी तीन दिवस आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. भट्टी थंड. मी पंखा पुसत होतो, पुन्हा पुसत होतो. गावाकडं परत जायचं म्हणजे कुठं, हा प्रश्न होता. शाळेत तर जाता येणार नव्हतं.

मी राहत होतो त्या खोलीच्या खालच्या घरात सुगुणाबाई राहत. तंजावरच्या राजवाड्यात त्यांच्या पूर्वजांपैकी कुणीतरी कारकुनी केली होती म्हणे. पिढ्या उलटल्या, वाडा नाही, राजा नाही, घरातली मराठी तेवढी राहिली. स्वतः बाई गणिताच्या शिक्षिका, निवृत्त. आल्या दिवशी मला कुलूप उघडता येईना म्हणून मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटलो, तर मागून आवाज आला, “किल्ली उलटी घातलास रे.” परमुलखात मराठी ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं. पण पुढची वाक्यं ऐकून गोंधळलो. ती मराठी जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखी होती, आणि तिला तमिळ हेल. त्यांना माझी मराठी गावठी वाटे, मला त्यांची दरबारी. आम्ही एकमेकांना हसत असू.

चौथ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. “काय झालें? तीन दिस तोंड लपवून फिरतोस.” मी सांगितलं. उरुक्काम म्हणजे काय ते तेव्हाच त्यांच्याकडून कळलं. त्या दारातच उभ्या राहून कॉफी निववत होत्या, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, हातभर धार. ऐकता ऐकता म्हणाल्या, “आणि ती बाई काय पुसली तुज?”

मला अर्थ माहीत नव्हता, पण आवाज कानात अडकलेला होता. “वेणुम्ने सेंजिया.”

धार थांबली. “तूं काय म्हणालास?”

“आमा म्हणालो.”

बाईंनी भांडं खाली ठेवलं. “अरे देवा. ती पुसली, मुद्दाम केलास काय? आणि तूं हो म्हणालास.”

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. थाळी गेली त्याचं दुःख होतंच, पण चोळपुरममध्ये एक बाई या क्षणी असं समजून चालली आहे की त्या माणसानं माझ्या आईची थाळी मुद्दाम वितळवली आणि वर तसं सांगितलंही, हे मला सहन होईना. 

“मी जाऊन सांगूं तिज?” बाईंनी विचारलं.

माझी मान हलली.

“पाहा!” त्यांनी माझ्या मानेकडंच बोट केलं. “तुझे कान ऐकायाच्या आधीं तुझी मान हालते. हें तुज ठाऊक आहे काय?”

मला ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं ती मान माझ्या धडावर होती. 

“मी जाणार नाहीं,” बाई म्हणाल्या. “तूंच जाशील. पण आतां नव्हे. आतां गेलास तर तिथेंही आमा म्हणून येशील. आधीं ‘कळना’ म्हणायास शीक.”

कळना. त्यांच्या घरात ‘समजत नाही’ला तोच शब्द होता. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो उराशी धरून इतक्या दूर आणला होता आणि या घरानं तो तमिळच्या मुलखात जपून ठेवला होता. मी म्हणालो, “बाई, आमच्याकडं ‘कळंना’ म्हणतात. शाळेत मला त्यावरून हसले होते.” बाईंना काही समजेना. “हसायाजोगें काय त्यांत? चांगला शब्द आहे.” इतकंच म्हणाल्या आणि कॉफीची धार पुन्हा सुरू केली. एखाद्यानं आयुष्यभर दडवलेला डाग उजेडात धरून दाखवावा आणि तो डाग नसून तीळ निघावा, तसं मला झालं.

बाईंच्या ओट्यावर पहाटे सहाला शिकवणी असे. सहामाही परीक्षांचे दिवस, म्हणून दहावीची दहा-बारा मुलं. धुक्यात चटया, चटयांवर माकडटोप्या, आणि टोप्यांतून निघणारी वाफ. बाईंचा एक नियम होता. आज काय समजलं हे त्या कधीच विचारत नसत. उठून जायच्या आधी प्रत्येकानं आज काय समजलं नाही ते एक सांगायचं. ‘सगळं समजलं’ म्हणणाऱ्याला चटई गोळा करावी लागे. मला त्यांनी शेवटच्या चटईवर बसवलं, हातात तमिळ अंकलिपी दिली. मिशी आलेला एक गलाईवाला, आजूबाजूला दोन वेण्यांच्या मुली.

पहिल्या दिवशी माझी पाळी आली. मी म्हणालो, “सगळं समजलं.” चटया गोळा केल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी एक वेणीवाली पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, “अण्णा, रोज तुम्हीच चटया उचलता, आमची पाळीच येत नाही.” सगळे हसले. मी कान लाल करून उभा राहिलो, आणि मग लक्षात आलं की हे हसू ओढ्यापर्यंत पाठीमागं येणारं नाही. ते तिथंच, ओट्यावर संपलं. पोरगी स्वतः उठली आणि आरामात म्हणाली, “प्रमेयाची तिसरी ओळ पुरियल.” पुरियल म्हणजे समजलं नाही. ती असं म्हणाली जसं कुणी पाणी मागतं.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, “बाई, कळंना. हे अक्षर आणि ते अक्षर यात फरक काय?”

“आतां शिकवणी सुरू झाली,” बाई म्हणाल्या.

माणूस बदलतो म्हणजे काय होतं, हे मला तेव्हा वाटायचं तसं नसतं. मला वाटायचं, एखाद्या सकाळी मी उठेन आणि धीट झालेला असेन. तसं काही झालं नाही. मी आजही भित्रा आहे. दुकान बंद केल्यावर गॅसची कळ बघायला दोनदा परत जातो, गावाकडचा नंबर अवेळी दिसला की फोन उचलायच्या आधी तीन घंट्या जाऊ देतो. बदललं ते फार लहान होतं. मला माझी मान हलण्याआधीचा एक क्षण दिसायला लागला. छातीत थोडं गरम होतं, ओठ हसायला लागतात, आणि मग मान निघते. ती निघाली की मी हातातली सांडशी खाली ठेवायची. एवढंच ठरवलं. सांडशी हातात असली की कामाची घाई असते, ती खाली ठेवली की हात मोकळा होतो आणि मोकळ्या हाताला काहीतरी हवं असतं. मग मी समोरची वस्तू तळहातावर घ्यायचो आणि विचारायचो. आमच्याकडं काम नव्हतंच त्या दिवसांत, म्हणून मी चहावाल्यावर सराव केला. तो म्हणायचा, साखर कमी? मी किटली दाखवून म्हणायचो, पुरियल, पुन्हा सांगा. त्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

चुकायचो. कितीदा तरी. बसचा वाहक काही बोलला की आमा, पोस्टातली बाई काही बोलली की सरि. घरी येऊन चरफडायचो. बाई म्हणायच्या, “हाललेली दिसली कीं नाहीं? दिसली तर झालें. उद्यां आधीं दिसेल.”

पोंगलच्या आदल्या दिवशी इथं लोक दारात जुनं सामान जाळतात. त्या सकाळी हवेत धूर होता, आणि मी चोळपुरमच्या बसमध्ये बसलो होतो. गावाकडं जायची माझी पिशवी खोलीवर भरून तयार होती. संक्रांतीच्या गाडीचं तिकीट मामानं खिशात ठेवलं होतं. बाईंनी मला वाक्य लिहून दिलं नव्हतं. “पाठ केलेलें विसरशील,” म्हणाल्या.

वसंता-अक्कांचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्या दारात कोलम काढत होत्या. मला बघितलं आणि हात थांबला, चिमटीतलं पीठ तिथंच पडत राहिलं, पांढरा ठिपका मोठा होत गेला. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, “अक्का, त्या दिवशी तुम्ही काय विचारलं ते मला समजलं नव्हतं. मला काहीच समजलं नव्हतं. थाळी ठेवायची हेही समजलं नव्हतं. मी न समजता हो म्हणतो. मुद्दाम केलं नाही.”

त्या बोलायला लागल्या. भराभर, खूप. पस्तीस वर्षांचं तमिळ, रागाचं, रडण्याचं. छातीत गरम झालं. ओठ हसायला लागले. मान निघाली. हातात सांडशी नव्हती, म्हणून मी खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली.

“पुरियल, अक्का,” मी म्हणालो. “हळू सांगा.”

त्या थांबल्या. मग ओट्यावर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं, आणि हळू, एकेक शब्द, लहान मुलाला भरवावं तसं, त्यांनी मला सांगितलं. त्या थाळीचा एक कोपरा चेपलेला होता. लहानपणी आईच्या मांडीवर दूध पिताना त्यांनी तो चावला होता. आई तो कोपरा दाखवून सगळ्यांना सांगायची, ही माझ्या लेकीच्या पहिल्या दाताची खूण. आसारी म्हणाले होते, नवीन करून देतो, तशीच. पण तो चावा कोण करून देणार?

तो चेपलेला कोपरा मी बघितला होता. मुशीत तोच सगळ्यात आधी मऊ झाला होता. मी त्यांना तसं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे, पण मला वाटलं जे मी बघितलं ते त्यांचं आहे. त्या रडल्या. मग आत जाऊन पोंगलचा नवा तांदूळ आणि उसाचं एक कांडं घेऊन आल्या आणि माझ्या पिशवीत घातलं.

त्याच संध्याकाळी आसारी दुकानात आले, अक्कांनी त्यांना सगळं सांगितलं असणार. पुडी ठेवली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “उ-रुक्-कि. कळलं का, तंबी? कि! कि!” मी सांडशी खाली ठेवली, पुडी तळहातावर घेतली आणि म्हणालो, “हे सगळं उरुक्कि. यातलं उरुक्काम काही आहे का?” ते म्हणाले नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी हात जोडले. “पुरियल सेट, सोड आता!” सेट म्हणजे आपला शेठ, आणि त्या दिवसापासून गल्लीत माझं तेच नाव. आधी टोमणा होता. आता बाहेरगावचा सोनार आला तर हे लोक सांगतात, “पुरियल सेटकडं दे, तो तीनदा विचारल्याशिवाय भट्टी पेटवत नाही.” मामानं तिकीट कुणा दुसऱ्याला देऊन टाकलं. पाच वर्षांपूर्वी तो गावाकडं गेला आणि दुकानाची किल्ली माझ्या हातात आली.  दारावरच्या पाटीवर त्यानं माझं नाव लावून घेतलं होतं, तेवढं किल्ली देताना दाखवलं.

मला त्या पाटीचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त अभिमान मला टोमण्याच्या नावाचा आहे. पाटी मामाच्या मेहनतीवर उभी आहे. ते नाव मी स्वतः मिळवलं, एकेक ‘कळंना’ बोलून. आणि शिकवणी मी सोडली नाही. तिशी उलटल्यावर एका पहाटे त्याच ओट्यावर मी विचारलं, बाई, क्ष पलीकडं गेला की चिन्ह का बदलतं, कळंना. बाईंनी तराजू मागवला, माझ्याच दुकानातला. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढायचं, म्हणजे काटा हलत नाही. क्ष कुठं जातच नाही, आपण दोन्हीकडून काढतो. इतकी वर्षं तराजू माझ्यासमोर होता.

परवा आईचा फोन होता. तिला नवा मोबाइल घेऊन दिला आहे. “तानाजी, ह्यातलं काय कळंना बग मला,” ती म्हणाली, आणि मी दुकानात एकटाच हसलो. म्हटलं, आई, पुन्हा म्हण.

हा माझा दहावा मार्गळी, त्या मार्गळीपासूनचा. गेल्या आठवड्यात सकाळी दहाला, भट्टीचा पंखा घरघरत असताना, वसंता-अक्का आल्या. केस पिकलेत. लेकीचं लग्न ठरलं आहे, मार्गळीत शुभकार्य नसतं म्हणून पोंगलनंतर, तै महिन्यात. त्यांनी पदराच्या गाठीतून हळदीच्या फडक्यात बांधलेली वस्तू काढली. तीच गोळी. इतकी वर्षं त्यांनी ती मोडली नव्हती, काही करूनही घेतलं नव्हतं. आता तिची थाळी करायची, लेकीसाठी. तै लागला की चांगला दिवस बघून त्या स्वतः येणार, त्यांच्या डोळ्यासमोर वितळवायची.

“मग आत्ता घरी ठेवा की,” मी म्हणालो. “तेव्हा घेऊन या.”

“घरी लग्नाची वर्दळ आहे,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडं असू दे.” आणि गोळी पुढं केली. डोळ्यात मिश्कील काहीतरी होतं. “तंबी, इद उरुक्काम वै.”

मी सांडशी खाली ठेवली. गोळी तळहातावर घेतली. वाटाण्याएवढी, गार.

“उरुक्काम,” मी म्हणालो. “न वितळवता. तै लागेपर्यंत. तुम्ही येईपर्यंत. बरोबर?”

“आमा,” त्या म्हणाल्या.

आज मार्गळीचे चार दिवस उरले आहेत. बाहेर भोपळ्याची फुलं आहेत, बाईंच्या ओट्यावर नवी मुलं चटया गोळा करत आहेत. गोळी माझ्या तिजोरीच्या वरच्या कप्प्यात, हळदीच्या फडक्यात आहे. सकाळपासून मी दोनदा उघडून बघितलं. जशी दिली तशीच आहे.